फांदी लागली नव्हती

माझ्या मुलीचा डावा डोळा चिकूच्या फांदीने गेला, असं मसोलीत सगळे सांगतात. ते मीच पसरवलं. डोळा मी फोडला.

२०१७ची दिवाळी होती. तिला पायलट व्हायचं होतं आणि प्रशिक्षणाआधीची डोळ्यांची तपासणी तोंडावर आली होती. घरच्या कॉम्प्युटरवर ती विमान उडवायचा सराव करायची. मलाही शिकवलं होतं. मेनू उघडायचा, विमान निवडायचं, धावपट्टी निवडायची. मग बटण दाबून कॅमेरा बदलायचा: पायलटच्या जागेवरून, शेपटीमागून, टॉवरवरून. मला टॉवरचा आवडायचा. आतून बघितलं की जमीन अंगावर येते.

भाऊबीजेला वेवजीहून माझा मेहुणा बायकोला घेऊन आला. त्यांना दाखवायला म्हणून मी विमान उतरवायला बसलो.

"बाबा, आतला कॅमेरा लावा. टॉवरवरून उंचीचा अंदाज येत नाही," मुलगी म्हणाली.

मी ऐकलं नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडे झाडांत घुसलं. पंख तुटला, आग लागली.

"भाऊजी, चिकू काढायला उतरलात काय?" मेहुणा म्हणाला.

सगळे हसले, माझी बायकोसुद्धा. मुलीने मेनूतून रिप्ले लावला. तोच अपघात शेपटीमागून, मग पंखावरून, मग अगदी सावकाश.

"बंद कर," मी म्हणालो.

"थांबा ना बाबा, पायलटच्या जागेवरून राहिलाय."

मी कीबोर्ड उचलला आणि तिच्या तोंडावर मारला. एकदाच. बटणं फरशीवर उडाली. ती खुर्चीसकट आडवी झाली, डोळ्यावर धरलेल्या बोटांतून रक्त येत होतं. मेहुणा मध्ये पडला, त्याला मी दाराच्या चौकटीवर आपटलं.

डहाणूच्या डॉक्टरांना मी सांगितलं, चिकू तोडताना फांदी लागली. मुलीने चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मेहुण्याने बहिणीच्या संसाराकडे बघून तोंड बंद ठेवलं, पण पुन्हा आमच्या घरी आला नाही.

खोटं खरं वाटावं म्हणून झरीहून कामाला येणाऱ्या गड्याला मी वाडीतली एक फांदी दाखवून तोडायला सांगितली.

"शेठ, ही तर फळानं भरलीय. हिनं काय केलं?"

मी त्याच्या हातातला कोयता हिसकावला आणि स्वतः घाव घातले. फांदी पडली तरी घालत राहिलो. कच्चे चिकू फुटले, पांढरा चीक हाताला चिकटला.

तपासणीला मुलगी गेलीच नाही. आता ती तलासरीला एका कार्यालयात नोकरी करते. विमानाचं नाव काढत नाही.

हे लिहून झाल्यावर आधी तिला वाचायला दिलं. तिने कागद डोळ्याजवळ धरून सावकाश वाचले आणि परत दिले.

"दोनदा मारलंत, बाबा. दुसऱ्यांदा मी खाली पडले होते."

वर 'एकदाच' लिहिलं आहे, ते खोडत नाही. दोनदा मारलं.