जाड्या, लंबू आणि चाळीस रोपं

रोपवाटिकेच्या मालकांच्या खिशात सदा भिंग, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे ‘भिंगवाले’ म्हणत. लोक दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात; हे गृहस्थ तोंड कधी पोळलं नसताना पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. इस्त्रीवाला बटणं बदलतो आणि शेजाऱ्याचं कुंपण दरवर्षी बोटभर आत सरकतं, याबद्दल त्यांची पक्की खात्री होती.

भरवसा एकाच गोष्टीवर. पंखा पामच्या दोन सख्ख्या जाती ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही! एकीला ते जाड्या म्हणत, दुसरीला लंबू. जाड्याचं खोड पिंपासारखं, पानं राखाडी, देठावरचे काटे निम्म्यावर थांबणारे. लंबू सडपातळ, हिरवागार, देठ बुडाशी तांबूस आणि काटे थेट वरपर्यंत. गिऱ्हाइकांना फरक दाखवायला त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी दोन्ही झाडं फाटकाजवळ शेजारी शेजारी लावली होती.

थंड पठारावरच्या एका दवाखान्यानं चाळीस जाड्या मागवले. लंबू तिथल्या गारठ्यात तग धरत नाही. भिंगवाल्यांनी जाड्याचं बी स्वतः तोडलं, स्वतः पेरलं. पुढची तीन वर्षं पाणी आणि कुंड्या बदलणं मेव्हण्याकडे. बायकोचा धाकटा भाऊ, अठरा वर्षं तिथंच राबलेला.

रोपं पाठवायच्या आठवड्यात भिंग लावलं, तर निम्म्या रोपांचे काटे वरपर्यंत चढलेले!

“माझे जाड्या कुठं विकलेस?” चार माळ्यांसमोर त्यांनी विचारलं.

“भाऊजी, मी कुंड्यांशिवाय काही बदललं नाही.”

“चोर कधी कबूल करतो का?”

मेव्हण्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि तो निघून गेला. बायकोनं रात्री ताट वाढलं आणि ती आत निघून गेली.

त्याच बियांची बारा रोपं भिंगवाल्यांनी घराच्या गच्चीवर कुलपात वाढवली होती. किल्ली त्यांच्याच खिशात. पुरावा म्हणून सकाळी ती तपासायला गेले. सात रोपांचे देठ तांबूस. काटे वरपर्यंत.

बायको मागे येऊन उभी होती. “दोन्ही झाडं एकाच वेळी फुलतात. मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जाणारच. शेजारी लावली कुणी?”

ना धड जाड्या, ना धड लंबू, अशी रोपं त्यांनी स्वतःच्या हातानं पेरली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. दवाखान्याला नकार कळवून ते तडक मेव्हण्याच्या घरी गेले, त्याला घेऊन आले, आणि त्याच चार माळ्यांसमोर म्हणाले, “चूक माझी होती.”

“जाऊ द्या, भाऊजी,” म्हणत मेव्हण्यानं नळी उचलली. दिवसभर नेहमीसारखं काम केलं.

सहा वाजता हात धुऊन तो निघाला, फाटकाशी थांबला आणि डब्याची पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली.

“हे काय?”

“बघून घ्या. आता रोज दाखवूनच जाईन.”

भिंगवाल्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.