ट्रॉयहून नीना बोलतेय

शिरीषला हे माहीत नाही. शिरीष म्हणजे माझा नवरा. माझ्या पोटात काही राहत नाही असं तो चारचौघांत सांगतो, लोक हसतात, मीही हसते. राहतं हो. हे एक राहिलंय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ज्याच्याशी मी असं वागले, तोही मला ओळखत नव्हता.

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत मी जिंकले. रडगाणं ऐकायला बसला असाल तर ते मिळायचं नाही. अशी जिंकले, की आजही भांडी घासताना आठवलं तर मान ताठ होते. तेच तर सांगायला अवघड जातंय. हरलेल्या माणसाला कबुली देणं सोपं असतं, नाही का?

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मिशिगनमधलं ट्रॉय. शिरीष एच-वन व्हिसावर, मी एच-फोरवर — म्हणजे देशात राहायची परवानगी, नोकरी करायची नाही. गाडी एकच, ती सकाळी शिरीषबरोबर जायची. मागे उरायचं अपार्टमेंट, आणि ओट्यावरचा एक जुना रेडिओ, गराज सेलमधून आणलेला. त्यावर एकच स्टेशन नीट लागायचं, खेळाच्या गप्पांचं. दुपारभर माणसं फोन करकरून भांडायची. तो अख्खा उन्हाळा एकाच प्रश्नावर गेला. आमच्या बेसबॉल संघात सेकंड बेसवर कुणाला उतरवायचं — डर्किनला की लोबोला?

डर्किन जुना, शहराचा लाडका. बॅट अजून चालायची, पण गुडघे गेलेले. लोबो नवा, कुठल्याशा बेटावरून आलेला. बॅटिंग यथातथा, पण मैदानात नुसता वारा. मुलाखतीत त्याला इंग्रजी सुचायचं नाही, मग तो हसून वेळ मारून न्यायचा. मला तो तिथंच आवडला. दुकानात काउंटरपाशी मीही तेच करत होते.

पण नुसता आवडला म्हणून नव्हे हं. मी सांगलीची, कॉलेजात खो-खो खेळलेली, तेही विद्यापीठाच्या संघातून. सेकंड बेसवरच्या माणसाचं काम टीव्हीवर पाहिलं आणि माहेरचं कुणी भेटावं तसं झालं मला. चेंडू घ्यायचा, बेसवर पाय टेकवून धावत येणाऱ्याला बाद करायचं, आणि तो घसरत अंगावर येत असतानाच वळून चेंडू पहिल्या बेसकडे फेकायचा — की दुसराही बाद. एका चेंडूत दोघं. याला डबल प्ले म्हणतात. सगळा खेळ पायांचा. खो-खोत खांबाला वळताना पाय कुठं पडतो, यावर गडी हाती लागतो की निसटतो ते ठरतं. इथंही तेच. डर्किन आधी थांबायचा, मग वळायचा. लोबोचं थांबणं आणि वळणं एकच होतं. आणि रेडिओवर ही सगळी माणसं बॅटिंगचे आकडे घेऊन तावातावानं भांडत होती! पायांकडे कुणी बघतच नव्हतं. ओट्याशी उभी राहून मी एकटीच चरफडायचे.

एके दुपारी शेवटी फोन लावला. नयना या खऱ्या नावानं नाही, कारण नयना दोनदा सांगावं लागतं. नीना. ट्रॉयहून नीना बोलतेय. भेंडी करपत होती, पण पायांचं म्हणणं मी नीट मांडलं. कार्यक्रम चालवणारा माणूस एरवी कुणाला वाक्य पुरं करू देत नसे. त्यानं मला पुरं करू दिलं. वर म्हणाला, आज सामना बघताना सगळ्यांनी पाय बघा.

आणि लोकांनी बघितले हो! दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले — नीना म्हणते ते बरोबर आहे, नीना म्हणते तसं झालं. बँकेत, दवाखान्यात मला प्रत्येक वाक्य परत म्हणावं लागायचं. इथं माझं वाक्य लोक एकमेकांना ऐकवत होते. मी मग वरचेवर फोन करू लागले. माझा आवाज ओळखला की तो माणूस खूश व्हायचा. खरं सांगते, लग्नात अंगावर अक्षता पडल्या तेव्हाही इतकं भारी वाटलं नव्हतं.

शिरीषला मी यातलं काही सांगितलं नाही. संध्याकाळी तो ऑफिसात जेवणाच्या टेबलावर झालेल्या वादाच्या गोष्टी सांगायचा — तिथंही डर्किन आणि लोबोच. मी आमटी वाढता वाढता त्याला पायांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो उड्या मारतच घरी आला. "आज लंचला सगळ्यांना गप्प केलं, यार!" मी म्हटलं, छान.

इथपर्यंत सगळं छानच होतं, नाही? इथं थांबले असते तर सांगायला काही उरलंच नसतं.

भाटे काकांकडे एका शनिवारी जेवण होतं. भाटे काका म्हणजे ट्रॉयमधले जुने डॉक्टर, आमच्यासारख्या नव्यानं आलेल्यांचे हक्काचे वडीलधारे. डर्किनचे कट्टर भक्त. त्याच्या नंबरची टोपी जेवतानाही डोक्यावर असायची, त्यावरून काकू करवादायच्या. बेसमेंटमध्ये पुरुषमंडळींचा वाद रंगला होता. मी चटणी घेऊन खाली गेले, तर शिरीष माझंच पायांचं म्हणणं ऐटीत मांडत होता — आणि चुकीचा पाय सांगत होता. मला राहवेना. मी जिन्यातूनच म्हटलं, अरे डावा, डावा पाय.

शिरीष हसला. "अगं, तुझ्यासारख्यांना काय कळतंय या गेममधलं? तू वर काकूंना हेल्प कर ना."

सगळे हसले. काका तेवढे म्हणाले, "अरे, बोलू दे की तिला." पण तोवर दुसऱ्याच कुणीतरी बोलायला सुरुवात केली होती. मी वर गेले आणि पापड तळले.

त्याच आठवड्यात डर्किनची बॅट तळपली. ओळीनं सामने जिंकून दिले त्यानं. रेडिओ फिरला. कालपर्यंत माझं नाव घेणारे लोक म्हणू लागले, नीनाचे पाय राहू द्या, आम्हाला रन्स पाहिजेत. तो कार्यक्रमवालाही हसला. मला ते हसणं बेसमेंटमधल्यासारखं ऐकू आलं. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं झालं तसं सांगतेय.

मग मी फोन लावला.

मी सांगितलं, की डर्किन मला किराणा दुकानात भेटला. दुधाच्या फ्रिजपाशी. मी त्याला म्हटलं, आजच्या सामन्यासाठी शुभेच्छा. तर त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला — तुझ्यासारख्यांना काय कळतंय या खेळातलं?

बघितलंत? मला धड नवीन काही रचावंही लागलं नाही. वाक्य हाताशी होतं. मी फक्त ते दुसऱ्याच्या तोंडी घातलं. आणि सांगता सांगता मला रडू फुटलं, भर रेडिओवर. ते रडू खरं होतं, म्हणून सगळ्यांना सगळंच खरं वाटलं.

त्यानंतर जे झालं ते मी ओट्याशी उभी राहून ऐकलं. फोनवर फोन. कुणाला आठवलं, डर्किननं एकदा पार्किंगमध्ये आपल्याकडे बघून मान फिरवली होती. कुणाला आठवलं, त्यानं सही देताना कपाळाला आठ्या घातल्या होत्या. एक बाई तर म्हणाली, त्याच दुकानात तिलाही तसाच अनुभव आला. कुठलं दुकान? मी नावही घेतलं नव्हतं!

संध्याकाळी शिरीष ऑफिसात ते सगळं ऐकून आला आणि बूटही न काढता सुरू झाला. "लाज वाटली पाहिजे त्याला. एखाद्या बाईला असं कोण बोलतं? व्हॉट अ जर्क!" मी त्याच्याकडे बघत राहिले. वाटलं, आता आठवेल. आता तरी आठवेल? तो हात धुऊन जेवायला बसला आणि म्हणाला, भाजी मस्त झालीय. मला हसू आवरेना. फार मजा वाटली मला त्या संध्याकाळी, हेही कबूल करते.

भाटे काका पुढच्या वेळी भेटले तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. पहिल्यांदाच त्यांचं टक्कल उघडं पाहिलं मी. "माणूस म्हणून असा निघावा?" एवढंच म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही पोरी नवीन येता आणि तुम्हालाच हे असलं ऐकून घ्यावं लागतं. वाईट वाटून घेऊ नकोस हं बेटा." त्यांना काय ठाऊक, की ती पोर मीच होते? मी खाली वाकून त्यांना नमस्कार केला. का केला, कोण जाणे.

लोबो सेकंड बेसवर आला. संघाच्या मॅनेजरनं माझं ऐकलं असं मी म्हणत नाही, त्यानं डर्किनच्या गुडघ्यांचं कारण दिलं. पण स्टेडियममध्ये डर्किनचं नाव पुकारलं की हुर्यो व्हायला लागली होती, आणि ती हुर्यो माझी होती. मला ठाऊक होतं ते.

एक दिवस तो रेडिओवर आला. डर्किन स्वतः. माझ्या कल्पनेत त्याचा आवाज जाडाभरडा होता, तसा नव्हता. हळू बोलत होता. म्हणाला, मला अशी कुणी बाई भेटल्याचं आठवत नाही, मी बराच विचार केला. पण रोज इतकी माणसं भेटतात, आणि ती रडत होती म्हणता, म्हणजे माझ्याकडून काहीतरी झालं असणार. तिला सांगायचंय, की मला वाईट वाटतं. तिनं फोन केला तर मी तिच्याशी बोलेन. मी इथंच बसलोय.

कार्यक्रमवाला म्हणाला, नीना, ऐकतेयस का? लाइन मोकळी ठेवलीय.

ऐकत होते. फोन हातात होता. नंबर बोटांना पाठ होता. जाहिराती झाल्या, पुन्हा तो म्हणाला, नीना, आम्ही थांबलोय. मी का नाही केला फोन? भीती वाटली म्हणू? व्हिसाचं सांगू? तसलं काही मनातही आलं नाही. मी एकच हिशेब केला. मी खरं सांगितलं तर हुर्यो थांबेल, डर्किन परत सेकंड बेसवर जाईल आणि लोबो बाकावर. मी हरेन. रेडिओ बंद केला आणि कणीक मळायला घेतली.

मग तो सामना. हंगामाचा शेवट, जिंकलो तर पुढं, हरलो तर घरी. तिकिटं भाटे काकांनी काढली होती. बोडक्या डोक्यानं आले. त्यांच्या एका बाजूला शिरीष, दुसऱ्या बाजूला मी. सामना बरोबरीत अडकला होता आणि शेवटाकडे मॅनेजरनं एका फलंदाजाच्या जागी डर्किनला पाठवलं. मैदानाकडेच्या खोलगट जागेतल्या बाकांवरून तो पायऱ्या चढून वर आला मात्र, सगळं स्टेडियम त्याच्यावर तुटून पडलं. स्वतःच्या खेळाडूवर! काका खाली मान घालून बसले. शिरीष उठून ओरडायला लागला.

आणि मी? तुम्हाला काय वाटतं? गप्प बसले असेन?

डर्किननं चेंडू मारला. दूर, रिकाम्या जागेत. आमचा एक गडी सगळे बेस पुरे करून परत आला, आम्ही एका रननं पुढं गेलो, आणि हुर्यो घालणारे तेच लोक टाळ्या पिटायला लागले. मग शेवटचा डाव. त्यांचा एक बाद, एक पहिल्या बेसवर; तीन बाद झाले की डाव संपतो. चेंडू जमिनीवरून सरपटत आला, लोबोकडे फेकला गेला, आणि लोबो वळला — डावा पाय, अगदी मी सांगितला होता तसा — धावणारा त्याच्या पायाखालून घसरत गेला आणि चेंडू पहिल्या बेसवर पोचलासुद्धा. एका चेंडूत दोघं. संपलं! जिंकलो!

काय सांगू तुम्हाला! अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. शिरीषनं मला उचललं. मी बरोबर होते. पहिल्या दिवसापासून, ओट्याशी उभी असल्यापासून, त्या अख्ख्या शहरात मी बरोबर होते! खाली मैदानात सगळ्यात आधी धावत आला तो डर्किन, दुखऱ्या गुडघ्यांनी, लंगडत. त्यानं लोबोला खांद्यावर घेतलं. "आता नाटकं बघ याची," शिरीष म्हणाला.

पुढच्या वर्षी डर्किन संघात नव्हता. कुठं गेला, मी शोधलं नाही. नीनानं पुन्हा कधी फोन केला नाही.

सामन्यानंतर दोन दिवस माझा आवाज बसला होता. तोंडातून शब्द फुटेना. शिरीष भेटेल त्याला कौतुकानं सांगत होता, लोबोसाठी ओरडून ओरडून घसा बसला हिचा. मी मान हलवत होते. लोबोनं तो चेंडू फेकला तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघालाच नव्हता. तो आधीच गेला होता, डर्किन पायऱ्या चढून वर आला तेव्हा.