पहिल्या अंकात मरणारा नवरा

ती आधी मनगटावरचं घड्याळ काढायची. घाई नाही, गडबड नाही. पट्टा सोडायची, घड्याळ टेबलावर पालथं ठेवायची आणि मग समोरच्या बाईकडं बघून म्हणायची, "बोल. मी ऐकतोय."

एवढंच. आणि आम्हा बायकांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

थांबा, नीट सांगते. विश्रामबागेत आमचं बायकांचं नाटकाचं मंडळ आहे. मंडळ म्हणजे काय, आम्ही बारा जणी, एक भाड्याचा हॉल आणि भडंगाचा मोठा डबा. मी सातवी शिकलेली, पण नाटकाचं वेड, म्हणून तालमी घ्यायचं काम माझ्याच गळ्यात. चार वर्षांमागं वाचनालयाच्या रद्दीत मला एक जुनं नाटक सापडलं, शंभरेक वर्षांपूर्वीचं. पान उलटलं की कोपरा तुटून हातात यायचा. गोष्ट खुनाची. एका वकिलाची दुसरी बायको त्याला दुधातून विष देते. पहिल्या अंकाच्या शेवटी नवरा मरतो, आणि पुढचे दोन अंक फौजदार, डॉक्टर, न्यायाधीश असे सगळे पुरुष मिळून तिनं असं का केलं त्याचा शोध घेत बसतात. तिला मात्र कुणी विचारत नाही. पिंजऱ्यात उभी राहून ती पदर सावरते, बस्स. लिहिणाऱ्यानं नवरा म्हणजे अगदी देवमाणूस रंगवलेला.

पुरुषांची कामं आम्हीच करायचो. कोट, फेटे, मिशा, सगळं. सुमन फौजदार. ती मूळची कुंडलची, तेव्हा कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. "खरं बोल, न्हाईतर आत टाकीन, व्हय!" असला फौजदार इंग्रजांच्या राज्यात होता का नव्हता, देव जाणे. मी सरकारी वकील. माझी मिशी दर तालमीला चहात पडायची.

नवऱ्याचं काम करणारी आमची बाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि आम्हाला नवरा मिळेना. तेव्हा कोपऱ्यात वही धरून प्रॉम्प्टिंग करणारी ही उठली. चणीनं एवढीशी. आवाज मऊ, शेजारच्या खुर्चीपलीकडं जायचा नाही.

"मी करून बघू का काकू? काही अडचण नाही."

हे तिचं नेहमीचं वाक्य. चहात साखर नाही, काही अडचण नाही. पंखा बंद पडला, काही अडचण नाही. पाय मुरगळलाय, लंगडतेय, काही अडचण नाही.

तिनं कोट चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या, माझ्या मालकांचं जुनं घड्याळ मनगटावर बांधलं, आणि उभी राहिली. मग ते घड्याळ काढलं. त्यानंतर नाटकातली वाक्यं म्हणाली, एक शब्द इकडचा तिकडं न करता. "दूध आणलंस? ठेव तिथं. दमली असशील. बस." कागदावर किती प्रेमळ आहे बघा हे. पण तिनं "बस" म्हटलं आणि बायकोचं काम करणारी आमची पोर खरंच मटकन खाली बसली. तालमीत तिनं बसायचं नव्हतं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. कोण कुणाची नणंद, कोण कुणाची शेजारीण तालमीला आली की आम्ही म्हणायचो, "ए, ते घड्याळाचं करून दाखव गं." ती दाखवायची. किती वेळा करायला लावलं आम्ही तिला! ते मला अजून टोचतं.

एक होतं, पावणेसहा वाजले की ती थांबायची नाही. वाक्य अर्धं असलं तरी कोट काढून खुर्चीवर ठेवायची आणि जिना उतरायची. सुमन चिडवायची, "जावा वैनी, जावा, तुमच्यावाचून चहा गोड लागत नसंल शेठना." ती हसायची. तिच्या मालकांना सगळे शेठच म्हणतात. कुपवाडला त्यांचा कारखाना. माणूस अतिशय अदबशीर. आमच्या कार्यक्रमांना खुर्च्या त्यांच्याकडनं फुकट यायच्या.

एके दिवशी शेठ स्वतःच तिला न्यायला वर आले. आम्ही उठायला लागलो तर म्हणाले, "बसा काकू, बसा. मी काय परका आहे?" खुर्ची ओढून टेबलापाशी बसले. सुमननं भीड सोडून विचारलं, "शेठ, प्रयोग जवळ आलाय. वैनींना रोज अर्धा तास जास्ती थांबवलं तर चालंल न्हवं?"

शेठ हसले. मनगटावरचं घड्याळ सोडलं. टेबलावर पालथं ठेवलं. सुमनकडं नाही, बायकोकडं बघितलं आणि म्हणाले, "बोल. मी ऐकतोय."

तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही कळलं असतं. सुमनच्या तोंडात भडंगाचा घास तसाच राहिला. कुणी कुणाकडं बघेना. तिनं वही मिटली, पदर घेतला आणि म्हणाली, "चला. काही अडचण नाही."

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, वही उघडून बसली. सुमनला कुठलं राहवतंय!

"वैनी, ते घड्याळ का वो काढत्यात?"

ती कोटाचं बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "काचेला तडा जातो. मागं एकदा गेला होता."

त्यानंतर आमच्यात नवऱ्याच्या प्रवेशाला कुणी हसलं नाही.

प्रयोग दहा दिवसांवर आला होता. शेठनी पहिली रांग आधीच धरून ठेवली होती. कारखान्यातली माणसं आणणार, गावाकडून आईला आणणार. मी म्हटलं, अगं, हे त्यांच्यासमोर करणार तू? घड्याळ राहू दे, वेगळं काहीतरी कर. तिनं प्रयत्न केला. नुसता पुठ्ठ्याचा नवरा झाला. दोन-तीन वेळा करून ती थांबली.

"काकू, मला दुसरा नवरा येत नाही."

मग बराच वेळ कोटाची बाही दुमडत, उलगडत बसली. "मी करणार," म्हणाली. "पण त्या दिवशी परत त्या घरी जाता येणार नाही. गेले तर तिथून पुन्हा बाहेर निघायची नाही. एवढी एक अडचण आहे."

अडचण हा शब्द तिनं पहिल्यांदाच तसा वापरला. सुमननं तिच्या हातातली बाही सोडवून घेतली. "त्ये आमी बघतो. तुमी मरायचं तेवढं झ्याक मरा."

दुपारी तीनचा प्रयोग. शेठ पहिल्या रांगेत, शेजारी त्यांची आई, साताऱ्याकडच्या खेड्यातली, सत्तरी उलटलेली. मागं कारखान्याची माणसं. हिनं घड्याळ काढलं, पालथं ठेवलं. मागच्या बायका हसल्या. कारखान्यातला एक जण हसायला लागला आणि मधेच खोकला काढून गप्प झाला. त्यांनीही ते बघितलेलं असणार. मी विंगेतून शेठकडं बघत होते. त्यांनी डावा हात मांडीवर घेतला आणि उजव्या तळव्यानं मनगट झाकलं. अंक संपेपर्यंत तो तळवा उचलला नाही.

ती दूध प्यायली, मेली, पडदा पडला.

पुढच्या दोन अंकांत मेलेल्या नवऱ्याचं काही काम नसतं. मागच्या दारानं ती गेली. कुणाबरोबर, कशातून, कुठं, ते लिहीत नाही. आम्ही दहा जणी शेवटपर्यंत तिथंच होतो, एवढं सगळ्यांनी बघितलंय.

मी त्या दिवशी सरकारी वकिलाचं भाषण इतकं लांबवलं की विचारू नका. दूध कुणी तापवलं, म्हैस कुणाची, धार कुणी काढली, वैरण कुठून आली. न्यायाधीश झालेली आमची बाई डोळे वटारून बघायला लागली. मी काही थांबले नाही.

शेवटी नमस्काराला दहाच जणी उभ्या राहिलो. शेठ आत आले. "काकू, तिला पाठवा. उशीर होतोय." आवाज तसाच, अदबीचा. आम्ही दारात उभ्या. कोट, फेटे, मिशा. सुमनची मिशी एका बाजूनं लोंबत होती. कुणी दारातून हललं नाही. एकेकीचं तोंड त्यांनी सावकाश बघून घेतलं. "बरं," म्हणाले आणि गेले. मग सुमन खाली बसली.

त्या माणसानं कधी आरडाओरडा केला नाही. पुढं वर्षभर तालमीच्या दिवशी त्यांची गाडी हॉलसमोर उभी असायची, काचा वर करून. सुमनचं कुपवाडचं काम सुटलं. का, ते तिला कुणी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात ते माझ्या घरी आले. कंदी पेढ्यांचा पुडा पुढं ठेवला. "काकू, तुम्ही लिहिता म्हणे. तिच्यावर लिहा की. कशी होती, कुठं जायला आवडायचं, जवळची माणसं कोण. मी वाचेन."

लिहिलं, शेठ. वाचताय ना? तिचं नाव नाही, गाव नाही, ती कशी आहे तेही नाही. इतर वाचणाऱ्यांनी मला माफ करावं. जे लिहिलं त्यातलं बहुतेक तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. एक गोष्ट तेवढी तुम्हाला नवी. तुमच्या आई गेल्या श्रावणात गेल्या, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

पहिल्या अंकानंतर त्या तोंड धुऊन येते म्हणून उठल्या होत्या, आठवतंय? भिंत धरत धरत त्या आमच्याकडं आत आल्या. कोटातल्या सुनेकडं, तिच्या हातातल्या पिशवीकडं बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्येचा बा पटका काढून ठेवायचा खुंटीला." एवढंच. मग माझ्याकडं वळल्या. "किती येळ पायजे तुमाला?"

मी म्हटलं, नाटक संपेपर्यंत.

त्या परत जाऊन तुमच्या शेजारी बसल्या आणि पायाला गोळा आला म्हणाल्या. तुम्ही पाय मांडीवर घेतलात आणि दाबत बसलात, पूर्ण दोन अंक. आजूबाजूची माणसं कौतुकानं बघत होती. पाय दुखत नव्हता त्यांचा. तुमचा हात थांबला की मला वर स्टेजपर्यंत ऐकू यायचं, "आजून जरा दाब रं, राजा. आजून जरा."