काळ्या गाडीची गोधडी

मला सवत आली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती काळी होती, चार दारांची होती, आणि तिला आणायला माझा नवरा लग्नातला शर्ट घालून गेला होता. मला आणायला आला तेव्हाही तोच शर्ट होता, पण त्या दिवशी कॉलरला इस्त्री नव्हती. अशा गोष्टी बायकांच्या लक्षात राहतात.

साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंधेरी पूर्वेला एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर राहत होतो. नवरा मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तिथल्या एका साहेबांची मद्रासला बदली झाली आणि त्यांनी आपली गाडी विकायला काढली. बघण्याचा कार्यक्रम संध्याकाळी, आमच्या अंगणातल्या चिंचेच्या झाडाखाली झाला. साहेबांच्या ड्रायव्हरने तिच्यावर आधीच तेलाचा हात फिरवून ठेवला होता. ती अशी काही चमकली की नवऱ्याने तिथल्या तिथे होकार दिला.

ड्रायव्हरला मी दोष देत नाही. मला बघायला मंडळी आली तेव्हा माझ्या आईनेही मला पावडर लावून खिडकीकडे पाठ करून बसवलं होतं. फरक एवढाच, की माझी पावडर उतरल्यावर नवऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही, आणि गाडीचं तेल उतरल्यावर तो दोन दिवस नीट जेवला नाही. माझ्यासाठी एक घाससुद्धा कमी खाल्ला नव्हता त्याने.

पहिल्याच रविवारी त्याने मला भर उन्हात बाहेर बोलावलं. गाडी धुऊन उभी होती. बॉनेटवर सूर्य उतरला होता.

"बघ," तो म्हणाला.

मी वाकले. काळ्या रंगात माझा चेहरा जरा लांबट दिसत होता, पण वाईट नाही. मी अंबाडा सारखा केला.

"दिसलं?"

"दिसलं की. टिकली तिरकी झालीय माझी."

"अगं, जाळी बघ, जाळी. आणि जरा बाजूला हो, तुझी सावली पडते."

मी बाजूला झाले. तेव्हा दिसली. सूर्याच्या भोवती केसाहून बारीक ओरखडे, गोल गोल, एकात एक गुंतलेले. कोळ्याने जाळं विणून मध्ये सूर्य पकडून ठेवावा तसे. मान हलवली की जाळंही सरकायचं. सावलीत गाडी उभी केली की सगळं गायब.

हे त्या ड्रायव्हरचं काम होतं. माणूस कष्टाळू. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसायचा, आणि आपण ताट पुसतो तशी, गोल गोल. पण आमच्याकडची धूळ म्हणजे मरोळच्या बाजूच्या दगडखाणींचा भुगा. फडक्यात तो अडकला की फडकं राहत नाही, कानस होते. पांढऱ्या गाडीवर हे खपून जातं. काळ्या गाडीला मात्र ऊन सगळ्यांसमोर उघडं पाडतं.

त्यानंतर आमचे रविवार संपले. म्हणजे माझे संपले, तिचे सुरू झाले. आधी बादल्यांच्या बादल्या पाणी नुसतं ओतायचं, हात न लावता, म्हणजे धूळ वाहून जाते. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी यायचं आणि मी पिंप भरून ठेवायचे. मग साबणाचं पाणी, वरून खाली, एका रेषेत. फडक्यासाठी दुसरी बादली वेगळी. मग पाटाएवढी जागा निवडायची, पॉलिशची पेस्ट बोटभर घ्यायची आणि हलक्या हाताने चोळायची. फडकं काळं व्हायचं.

"रंग निघतोय तिचा," मी म्हटलं. जरा आनंदानेच म्हटलं.

"निघणारच. ओरखडा म्हणजे खड्डा. तो भरता येत नाही. आजूबाजूचा रंग उतरवून त्याच्या तळाशी आणायचा."

"मग हे किती वेळा करता येईल?"

"फार नाही. रंग संपला की पत्रा."

"आणि मग?"

"मग वाट लागली."

हे तो ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज मी माझ्या टायफॉइडच्या वेळीही ऐकला नव्हता.

मला तिच्याजवळ उभं राहायला परवानगी होती, टेकायला नव्हती. "बांगड्या," तो म्हणायचा. एवढंच. मी बांगड्या मागे घेऊन उभी राहायचे, एखाद्या मोठ्या घरच्या सुनेसमोर धाकटी जाऊ उभी राहते तशी. रेशमी साड्यांसाठी मी रिठे भिजत घातले तर सकाळी भांडं रिकामं. साबण रंगाला कडक पडतो म्हणे, रिठ्याचं पाणी मऊ. माझं लग्नातलं पातळ तसंच घामाच्या डागांसह पेटीत राहिलं, आणि बाईसाहेब रिठ्याने न्हाल्या.

वर्सोव्याची कोळीण पाटी घेऊन आमच्या पायरीवर टेकायची. तिने एकदा हा सोहळा पाहिला. मी बोंबील निवडत होते.

"काय गो बाय, तुजा घोव त्या काल्या बयेला न्हाऊ घालतंय," ती म्हणाली. "तुला घातलान का कदी?"

"नाही बाई."

"सवत हाय ती तुजी. नि तू हितं बोंबील निवडतेस." मग जरा विचार करून म्हणाली, "पर दिसते बरीक झकास."

तेच तर दुखणं होतं. ती खरंच झकास दिसायला लागली होती. टप आणि दारं झाली, मग बॉनेट झालं. दिवाळीनंतर एका दुपारी मी चोरून पाहिलं, तर तिच्यात चिंचेचं झाड पानापानासकट उभं होतं आणि सूर्याभोवती एक रेघ नव्हती. मी एवढी जळले की घरात येऊन आरशात स्वतःला पाहिलं. आरसा जुना होता, त्यावर डाग होते. त्याला कोणी रिठ्याने धुतलं नव्हतं.

आता हे टिकवायचं कसं, हा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर फडक्यात होतं. नवऱ्याची परीक्षा साधी होती. फडकं गालावर फिरवायचं. गालाला जे टोचतं ते रंगाला ओरखडतं. टॉवेल नापास झाला, बनियन शिवणीमुळे नापास. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि मागून अगदी हळू माझ्या गालाला हात लावला. मी कढईवरचा डाव तसाच धरून डोळे मिटले.

"कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"छान," मी म्हटलं.

"टोचत नाही ना? माझ्या गालाला दाढी आहे, मला नीट कळत नाही."

त्याच्या हातात धोतराचा तुकडा होता. त्या दिवशी भाजी करपली, आणि मी ती तशीच वाढली.

पण फडकी पुरेनात, कारण धूळ रोज बसायची आणि रोज धुवायला पाणी नव्हतं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की धूळ बसूच द्यायची नाही. पांघरूण घालायचं. ताडपत्री खरखरीत, मेणकापड घामेजतं. गोधडीच हवी, जुन्या सुती साड्यांची, अख्ख्या गाडीची.

तो इमारतीतल्या घराघरांत गेला आणि लाजत विचारलं, "जुनी मऊ साडी असेल का? गोधडी शिवायचीय."

आता मला सांगा, लग्नाला वर्ष होत आलेल्या घरातला पुरुष लाजत दारोदार मऊ साड्या मागत फिरतो, तर बायका काय समजतील? पाच घरच्या थोरामोठ्या बायकांच्या वापरलेल्या साड्या, त्यांचं पहिलं दुपटं, ही आपल्याकडची रीतच. वरच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी आंब्याचं लोणचं घेऊन खाली आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "सांगायचं नाही होय गं, लबाडे." साड्यांचा ढीग लागला. इतक्या चांगल्या साड्या बायका गाडीसाठी कधीच देत्या ना. दुपारी अंगणात सतरंजी घालून शिवायलाही बसल्या. मी कितीदा तोंड उघडलं, पण कोणी डोहाळ्यांचं विचारत होती, कोणी आवळा पुढे करत होती. आवळा मी खाल्ला.

गोधडी वाढत वाढत जोत्यापाशी पोचली तेव्हा काकूंनी सुई थांबवली.

"एवढी मोठी? जुळं आहे का गं?"

तेव्हा मला सांगावं लागलं. मग काकू हसल्या, आणि मग सगळ्याच इतक्या हसल्या की टाके सोडून पदरात तोंड लपवलं. मीही हसले. हसताना डोळ्यांत पाणी येतं, ते कशाचं हे कोणी विचारत नाही. त्यांना वाटलेलं खरं असतं तर मला हवं होतं. आणि ते सगळं कौतुक ज्या बाईच्या नावावर जमा झालं होतं, ती चिंचेखाली थंड उभी होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. पण गोधडीत आतला थर महत्त्वाचा. सगळ्यात मऊ कापड आत घालतात, अंगाला लागतं ते. नवऱ्याला ते कापड कुठे आहे हे ठाऊक होतं. माझ्या पेटीत तळाला आईची साडी होती, तिने वापरून वापरून सायीसारखी केलेली. मला सासरी पाठवताना तिने ती दिली होती, पहिल्या बाळाच्या दुपट्यांसाठी.

"नाही," मी म्हटलं.

"अर्धी दे."

"ती माझ्या बाळासाठी आहे."

"बाळ येईल तेव्हा बघू ना. गाडी आत्ता आहे."

तो काही दुष्ट माणूस नाही. तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. पण गेलं ते गेलं. मी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली, म्हणजे ती मागायची असेल तर निदान माझ्या गळ्यापर्यंत तरी यावं लागेल. तो आला नाही. आतल्या थराला त्याने वडिलांची धोतरं लावली, आणि पौषातल्या एका सकाळी गाडीने अंगभर गोधडी पांघरली. तीत काकूंचा निळा पट्टा होता, कोळिणीने दिलेलं लाल लुगडं होतं, आणि मी घातलेले टाके होते. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. मी खिडकीतून बघायचे आणि मनातल्या मनात टाके उसवायचे.

मार्चमध्ये वारा सुटला. समुद्राकडून दुपारी येतो तो. रोज गोधडी फुगायची, बसायची, पुन्हा फुगायची. मला वाटायचं, ती आत श्वास घेतेय. नवऱ्याने चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या आणि निर्धास्त झाला. गाडी फार बाहेर काढायचीच नाही, असं त्याचं धोरण होतं. होळीच्या आदल्या दिवशी, रंग उडण्याआधी एकदा न्हाऊ घालावी म्हणून त्याने गोधडी काढली.

आधी त्याने बॉनेट पाहिलं. मग टप, मग दोन्ही बाजू. मग तो माझ्याजवळ पायरीवर येऊन बसला.

मी उठून गेले बघायला. जाळी परतली होती, आणि आधीची तिच्यापुढे नाजूक म्हणावी अशी. प्रत्येक पत्र्यावरच्या सूर्याभोवती कमानी, त्यांच्यावर कमानी, जिथे जिथे घडी हलली होती तिथे तिथे. गोधडी वरून बसणारी धूळ अडवत होती, पण कडेखालून शिरलेली बाहेर जाऊ देत नव्हती. वारा येईल तसं ते मऊ कापड दगडाचा भुगा घेऊन दिवसभर तिच्या अंगावर फिरत होतं. पाच घरच्या बायकांच्या मायेने तिला सोलून काढलं होतं.

खरं सांगते, मला मनातून गुदगुल्या झाल्या. मी चेहरा सरळ करून परत आले आणि शेजारी बसले.

"पुन्हा पॉलिश करता येईल," मी म्हटलं.

"रंग कुठे उरलाय एवढा."

तो आपल्या हातांकडे बघत बसला. नखांत अजून काळं होतं. मग म्हणाला, "ती साडी दिली नाहीस ते बरं केलंस. तिचीही वाट लागली असती." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मी तसं बोलायला नको होतं."

गाडीबद्दल एक शब्द नाही. एवढी मोठी आपत्ती कोसळली असताना हा माणूस माझ्या साडीबद्दल बोलत होता. मला वाटलं, जिंकले.

गोधडी आम्ही रिठ्याने धुतली आणि घडी घालून पलंगावर अंथरली. लग्नानंतर प्रथमच माझ्या अंगाखाली काहीतरी मऊ आलं. त्यानंतरच्या थंडीत मुलगी झाली. आईची साडी मी पेटीतून काढली, आधी तिचे काठ कापून टाकले, कारण काठ टोचतो. तेवढं शिक्षण मला सवतीकडून मिळालं होतं. मधल्या कापडाची दुपटी झाली. हातभर पट्टी उरली, ती मी नवऱ्याला दिली. त्याने ती गालावर फिरवली, मान डोलावली, आणि गाडीला न लावता खिशात घातली.

रोज सकाळी मुलीला तेल लावून मी पायरीवरच्या कोवळ्या उन्हात निजवायचे. एका रविवारी नवरा तिच्यावर वाकून बसला होता. त्याने पट्टी काढून तिच्या हनुवटीवरचं तेल टिपलं, वरून खाली, एका रेषेत. मान इकडून तिकडे हलवत तो तिचा गाल उन्हात असा न्याहाळत होता की ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. मी कौतुकाने पुढे वाकले.

"अगं, जरा बाजूला हो," तो म्हणाला. "सावली पडते."

मी बाजूला झाले. चिंचेखाली ती उभी होती, जाळ्यांसकट, आठवडाभराची धूळ अंगावर घेऊन. मी तिच्या बॉनेटला टेकले, बांगड्यांसकट. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.