पिवळ्या फुलांचं आसव

गार्गीचा मेसेज आला तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. मार्च संपत आला होता, तरी आमच्या या अमेरिकन गावाचा, शॉमबर्गचा, हिवाळा मुक्काम हलवायला तयार नव्हता. तिची आई, आमच्या कुमुदताई, आदल्या रात्री झोपेतच गेल्या होत्या आणि ती रेडमंडहून निघाली होती, एवढंच त्यात होतं. अशा वेळी मनात काय येईल याचा नेम नसतो. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता महिन्याभरात डँडेलियन फुलतील आणि यंदा ती खुडायला कोण बसणार... मग मी गाडीत बसून रडले. ऑफिसला काही गेले नाही.

डँडेलियन म्हणजे इथल्या हिरवळीचा जन्माचा वैरी. थंडी जरा कमी झाली की ही पिवळी फुलं जिथं तिथं उगवतात, आणि लोक फवारणीवाल्याला बोलावून त्यांचा निकाल लावतात. मी पुण्याहून नवी नवी आले होते, तेव्हा आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरासमोर एक बाई भर दुपारी सलवार-कुर्त्यावर उन्हाची टोपी घालून, उकिडव्या बसून, तीच फुलं खुडताना दिसल्या. आपल्याकडची बाई दिसली म्हणून मी थांबले आणि पूजेला घेताय का, असं विचारलं. ‘नाही बाप्पा, आसवाला,’ त्या मान वर न करता म्हणाल्या. ‘काय पाहून राहिली? बस अन् तोड. देठ नको घेऊ.’ माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी मला कामाला लावलं, आणि पुढं दर वसंतात मी त्या कामावर हजर होत राहिले.

कुमुदताईंचे वडील नागपुरात वैद्य होते. घरात कायम कसलं ना कसलं आसव मुरत असायचं, आणि त्या आंबूस-गोड वासात त्या वाढल्या. इथं नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या एका वयस्कर बाईंनी त्यांना डँडेलियनच्या वाइनची कृती सांगितली. ती ऐकून हे तर आमच्या बाबांचंच काम, असं त्यांनी जाहीर केलं. वाइन हा शब्द मात्र त्यांनी घरात येऊ दिला नाही. फुलं दुपारीच खुडायची, दव वाळल्यावर, पुरती उमललेली. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नुसत्या पाकळ्या ओढून घ्यायच्या आणि खालचा हिरवा भाग टाकायचा, नाहीतर सगळं कडू होतं. या कामात बोटं आधी पिवळी आणि मग काळी होतात, आणि गप्पा फार होतात. माझ्या सासरच्या सगळ्या तक्रारी त्या पाकळ्यांबरोबर निवडून झाल्या आहेत. पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतायचं, मुरू द्यायचं, गाळायचं. मग साखर, थोडा गूळ, संत्र्याची साल, लिंबू, आलं. इथले लोक यात दुकानातलं यीस्ट घालतात. कुमुदताई पाणी कोमट झालं की धायटीची वाळलेली फुलं घालत, वडील घालत तशीच. ती तांबडी फुलं नागपूरहून येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या सामानातून, पापडांच्या आडून, शॉमबर्गला पोचत.

बरणी उघडायची ती संक्रांतीला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत तिळगुळाबरोबर औषधाच्या इवल्याशा कपातून ते सोनेरी आसव. जेवणानंतर, समभाग पाण्याबरोबर, म्हणजे अगदी वैद्यांच्या हुकमाप्रमाणं. माझ्या नवऱ्यानं, मंदारनं, एकदा मोठा ग्लास पुढं केला, तर ‘तुला एवढा मोठा आजार झाला काय?’ म्हणून त्यांनी त्याला गप्प केलं. चव सांगायची तर मधासारखी सुरू होते आणि शेवटी जिभेवर थोडी कडसर राहते. पहिल्यांदा मला मुळीच आवडली नव्हती. आता दुसरं काही आवडत नाही.

गार्गीला मात्र या सगळ्याची लाज वाटायची. ती इथंच जन्मलेली, मी आले तेव्हा हायस्कूलमध्ये होती. अख्ख्या गल्लीत हिरवेगार गालिचे आणि आमच्याच दारात हा पिवळा बाजार, हे तिचं दुःख. घरमालकांच्या सोसायटीची ताकीद दाराला चिकटली की ती खोलीचं दार आपटून बसायची. तिच्या ग्रॅज्युएशनची पार्टी घरी ठरली त्या वर्षी, कुमुदताई कामावर असताना, तिनं परस्पर माणूस बोलावून सगळ्या लॉनवर फवारणी करून घेतली. मी संध्याकाळी गेले तर फुलं माना टाकून पडलेली, आणि कुमुदताई पायरीवर बसलेल्या. पार्टीसाठी श्रीखंडाचा चक्का बांधायला उठल्या, एवढंच. त्या वर्षी आसव झालं नाही, आणि त्या विषयावर मायलेकी पुन्हा कधी बोलल्याही नाहीत. गार्गी शिकायला बाहेर पडली, मग रेडमंडला नोकरीला लागली, आणि लॉन पुन्हा पिवळं झालं.

तळघरात बरणी मुरायला लागली की बारीक बारीक बुडबुडे फुटतात. कुमुदताई तिला कान लावून बसत. ‘बोलून राहिलं,’ असं म्हणून लगेच गार्गीला फोन लावत आणि फोन बरणीच्या तोंडाशी धरत. पलीकडून ‘आई, आय ॲम इन अ मीटिंग,’ एवढं ऐकू यायचं आणि फोन बंद व्हायचा. दर वर्षी हेच. ‘बिझी आहे पोट्टी,’ असं मला सांगून त्या फोन पदराला, म्हणजे ओढणीला, पुसत बसायच्या. मला तिचा राग यायचा. त्यांना कधी आलेला दिसला नाही.

एका वर्षी त्यांना सगळं वडिलांसारखं शास्त्रशुद्ध करायची लहर आली. वडील घड्याचं तोंड माती लावलेल्या फडक्यानं बंद करत आणि घडा धान्याच्या राशीत पुरून ठेवत. शॉमबर्गला धान्याची रास कुठून आणणार? पण आमच्या मंडळाच्या स्नेहभोजनाचा तांदूळ त्यांच्याच तळघरात ठेवलेला होता. ताईंनी मोठी काचेची बरणी घेतली, झाकण गच्च पिळलं, वर कणकेनं लिंपलं, आणि बासमतीची पोती उघडून बरणी त्यात गळ्यापर्यंत पुरली. स्नेहभोजनाच्या आदल्या दिवशी आम्ही वर भाजी चिरत बसलो असताना खालून जो आवाज आला, तो ऐकून मंदारला बॉयलर फुटला असं वाटलं. मसालेभाताचा सगळा तांदूळ आसवात न्हाऊन निघाला होता, आणि त्यात काचा. मंडळाच्या अध्यक्षांना काय सांगायचं यावर आमचा बराच वेळ खल झाला. शेवटी तांदळाला कीड लागली असं सांगायचं ठरलं, आणि कुमुदताईंनी फोन उचलून त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. नवा तांदूळ आणून दिला, आणि रात्रीपर्यंत काचा वेचत हसत बसल्या. ‘बाबांचा घडा मातीचा होता गं. तो श्वास घ्यायचा. काचेला नाक कुठाय?’ त्यानंतर बरणीला झाकण कधी लागलं नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा वर टाकायचा, दोरा सैलसर बांधायचा, बस.

दिवस-वार झाल्यावर गार्गी घर विकायच्या तयारीला लागली. एजंट म्हणाला, फोटो काढायच्या आधी लॉन स्वच्छ हवं. फवारणीचा दिवस ठरला. मी पिठलं-भाकरी घेऊन गेले तेव्हा हे कळलं. घर तिचं, आई तिची. मी कोण बोलणार? पण हे आसव कुमुदताईंबरोबर संपू नये, आणि दुसऱ्यांदा गार्गीच्या हातून तर नकोच, असं मला फार वाटत होतं. मी भाकरी वाढत राहिले. ती खिडकीशी उभी होती. बाहेर सगळं पिवळं झालं होतं.

‘मावशी, मी तेव्हा स्प्रे केलं ना... ती काही म्हणाली होती तुला?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘श्रीखंड केलं त्यांनी तुझ्यासाठी.’

‘आय नो.’ ती खिडकीपासून वळली. मग फोन घेऊन बाहेर गेली आणि परत आली. ‘कॅन्सल केलं. फोटो नंतर काढू देत. तुला येतं का गं ते करायला?’

मला येतं की नाही, हे मलाच नक्की माहीत नव्हतं. धायटीची फुलं मसाल्याच्या कपाटात सापडली, हिंगाच्या डबीमागे. दुपारी आम्ही दोघी टोप्या घालून गवतात बसलो. गार्गी देठासकट तोडायला लागली, तेव्हा ‘देठ नको घेऊ’ असं माझ्या तोंडून निघालं, आणि ते ऐकून आम्ही दोघी तिथंच रडलो. शेजारचे गृहस्थ लांबूनच हात हलवून आत गेले. संध्याकाळपर्यंत टेबलाशी पाकळ्या ओढत ती आईविषयी बोलत होती, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, आणि मी ऐकत होते.

घराचे फोटो झाले, गार्गी परत गेली. बरणी विमानातून नेण्यासारखी नव्हती, ती आता माझ्या तळघरात आहे. तिच्यावर कुमुदताईंच्या निळ्या साडीचा तुकडा आहे, दोरा सैल आहे. मंगळवारी खाली गेले तर बुडबुड्यांचा आवाज येत होता. मी गार्गीला फोन लावला.

‘बोलतंय गं,’ मी म्हटलं.

‘बरणीला लाव ना फोन.’

मी फडक्याजवळ फोन धरला. हात दुखायला लागला, पलीकडून काहीच आवाज नाही. फोन कट झाला असेल म्हणून कानाला लावला, तर ती होती. मागे कुणीतरी इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होतं.

‘मीटिंग चालू आहे का तुझी?’ मी विचारलं.

‘आहे,’ ती म्हणाली. ‘तू धरून ठेव.’