रुसलेल्या व्याह्यांची गंमत

आमच्या खडी गंमतीत गाणं दोघांचं असे. शब्द माझ्या जोडीदाराचे, चाल माझी. खडी गंमत म्हणजे उभ्यानं केलेला तमाशाच. पडदा नाही, मंच नाही. ढोलकी वाजली की लोक गोल करून बसत. तो तळेगावच्या बाजारात वांगी अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायचा. मी शेतीचा माणूस, शाळा नावापुरती. सत्तर सालानंतर आमची गंमत आष्टीकडच्या गावांत बरीच चालली.

मग आमचं फाटलं. त्याच्या दर गंमतीत कोणी बाबा जडीबुटी द्यायचा, ती खाऊन मालक गडी बने अन् गडी मालक. पुन्हा तेच ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "या बुटीले आता माह्याकडून चाल भेटणार नाई. तुह्या बाबाले दुसरा धंदा पाहाले सांग."

तो म्हणाला, "तुही चाल तरी कोणती नवी हाय? मागच्या भजनाची शेपटी हाय ते."

बोलणं बंद झालं. लेकरांचा तान्हा पोळा जवळ आला. गावानं गंमत ठरवलेली, अन् आमच्याजवळ एक ओळ नव्हती. या वेळी मोडलं तर कायमचंच मोडलं, हे मला कळत होतं. तरी त्याच्या दारात जायला पाय उचलत नव्हता.

माझी बायको मात्र त्याच्याकडूनच भाजी घेई. एक दिवस वांगी चिरता चिरता म्हणाली, "भाऊजी म्हणते तो आला तं बोलीन, तुमी म्हणता तो आला तं बोलीन. लग्नात व्याही रुसून बसते तसे दोघं. याचीच गंमत करा ना."

आमच्याकडे व्याही रुसला की त्याला हातापाया पडून उठवतात. पण दोन्हीकडचे रुसले तर उठवणार कोण? मला हसू आलं, ते मी दाबलं. पुढच्या बाजारी तिनं त्यालाही तेच सांगितलं. मग त्याचे शब्द ती पाठ करून आणी, माझी चाल गुणगुणत नेई. आम्ही दोघं समोर आलो ते थेट तान्ह्या पोळ्याला.

लेकरं लाकडी बैल घेऊन पुढे बसलेली. व्याही आम्हीच. दोन पोत्यांवर पाठीला पाठ करून बसलो. गाणं संपलं की आधी मी उठायचं ठरलं होतं. गाणं संपलं, मी उठलो नाही. खरंच उठवेना. तोही बसून. ढोलकीवाला तोच ठेका वाजवत राहिला. लोक हसून बेजार, त्यांना वाटलं हेही गंमतीतलंच.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून माझी बायको उभी झाली. "लगन लागलं, पोरगी सासरी गेली, पंगत उठली. तुमी दोघं खरकटं उचलाले बसले काय?"

तो आधी हसला. मग दोघंही उठलो. कानात म्हणाला, "हे माह्यापेक्षा चांगलं जमलं रे वहिनीले."

त्यानंतर जिथं तिथं हीच गंमत मागत. तिला बैलबंडीत बसवून न्यावं लागे. एकदा दुसऱ्या बाईला उभं केलं, कोणी हसलं नाही. हिचं बोलणं ठरलेलं नसायचं. दर वेळी नवीन काही सुनवायची.

गेल्या साली ती गेली. लोक अजून आम्हा दोघांचंच नाव घेतात. घेऊ द्या, गंमत सुचली कोणाला हे त्यांना काय माहीत.

तिच्या तेरवीला तो आला. म्हणाला, "आता गाणं काई जोडणार नाई मी."

"नको जोडू," मी म्हटलं.

ओट्यावर नुसते बसून राहिलो. सून जेवायला बोलावून गेली. माझं काही उठणं होईना. शेवटी तोच उठला अन् मला हात दिला.