आहेराचा लाइट

वडूजला ताईच्या लग्नात आलेल्या शूटिंगवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. हलके कॅमेरे सोडून त्यानं मुद्दाम खांद्यावरचा थोराड कॅमेरा घेतला होता, कारण त्यात तीन तासांची कॅसेट बसायची. पण कॅसेट एकच होती आणि आहेर संपता संपत नव्हते. माइकवर नाव पुकारलं की पाहुणा टोपी सारखी करायचा आणि हा त्याच्यावर झगझगीत लाइट मारायचा.

मी घाबरलो. "पाठवणीला काय उरंल? दादा मिलिट्रीत हाय, रजा न्हाई मिळाली. त्याला कॅसेट धाडायचीय."

तो कानाशी वाकला. "आवं, लाइट समद्यांवर, फीत घरच्यांवर." कॅमेरा बंदच होता.

ताई गाडीत बसणार, तोच जीप थांबली आणि गणवेशातला दादा उतरला. अख्खा मांडव उठून उभा राहिला. फीत भरपूर शिल्लक होती. ट्रंक टाकून ताईकडे धावणारा दादा त्यात पुरता आला.

मामा अजून विचारतात, "माझा आहेर कुटं गेला रं?"

मी कॅसेट लावतो आणि त्यांना दादा दाखवतो.